फुटाला एक सूत

कराचीच्या पाकिस्तान मेरिटाइम म्युझियममध्ये 'हंगोर' नावाची पाणबुडी जमिनीवर आणून ठेवली आहे. टेप घेऊन गेलेल्या माणसाला तिची लांबी-रुंदी सहज घेता येईल. १९७१ च्या युद्धात, ९ डिसेंबरच्या रात्री, याच पाणबुडीने बुडवलेली भारतीय युद्धनौका 'आयएनएस खुकरी' मात्र दीवच्या नैर्ऋत्येला समुद्रतळाशी आहे. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरी ज्या 'ब्लॅकवुड' वर्गातली, त्या वर्गाची १२ जहाजं ब्रिटिशांनी स्वतःसाठी बांधली आणि ३ आपल्यासाठी. या पंधरांपैकी एकही आज कुठल्या धक्क्याला उभं नाही. खुकरी कशी होती हे चारी बाजूंनी पाहायचं असेल, तर ती कुणीतरी पुन्हा बांधायला हवी.

ती मी अमरावतीत बांधतो आहे, आणि निम्मं सामान अकोल्याहून येतं. 'जहाज बांधायला घेतलंय' असं इथे सांगितलं की लोक आधी वडाळी तलावाचं नाव काढतात. वऱ्हाडातून समुद्र पाहायचा तर रात्रभराचा रेल्वेप्रवास करून मुंबई गाठावी लागते. जहाजाची आणि आपली गाठ पडते ती गणपतीच्या देखाव्यात, नाहीतर शाळेच्या प्रदर्शनात, आणि तिथे थर्माकोलची 'विक्रांत' ठरलेली असते. थर्माकोलच्या विक्रांतला एक सोय असते, तिला कुणी मापं विचारत नाही. स्क्रॅच-बिल्ट मॉडेलची सगळी गंमत आणि सगळी कटकट मापांमध्ये आहे. डब्यात तयार तुकडे येत नाहीत, बरोबर चिकटवण्याचा तक्ता येत नाही. पत्र्याचा प्रत्येक तुकडा, कठड्याचा प्रत्येक खांब स्वतः करायचा, आणि तो तसाच का केला याचं उत्तर तयार ठेवायचं.

जहाज निवडताना आधी टेबल मोजावं. जगभरात जहाजांची मॉडेल्स करणारे ज्या काही ठरावीक प्रमाणांत काम करतात, त्यांतलं एक १:९६ आहे. कागदावर ते विचित्र दिसतं, पण आपल्या सुताराला ते एका वाक्यात कळतं. १२ इंचांचा फूट, त्याला ९६ ने भागलं की उरतो इंचाचा आठवा भाग, म्हणजे एक सूत. फुटाला एक सूत. खुकरी ३१० फूट लांब होती, तर मॉडेल ३१० सूत, म्हणजे पावणेएकोणचाळीस इंच. रुंदी ३३ फूट, म्हणून ३३ सूत. पाण्याखालचा भाग सुमारे १५ फूट, म्हणून १५ सूत. मेट्रिकवाले १:१०० घेतात आणि तेही चांगलं आहे, पण खुकरी १९५६ साली इंग्लंडच्या काउज गावी जे. सॅम्युएल व्हाइटच्या गोदीत पाण्यात उतरली आणि तिची रेखाचित्रं फूट-इंचांत आहेत. फुटांचं मीटर करत बसण्यापेक्षा सुताची पट्टी बरी. याच हिशेबाने जुनी विमानवाहू विक्रांत केली असती तर ७०० फुटांचे ७०० सूत, म्हणजे सव्वासात फुटांहून थोडी जास्तच झाली असती. एवढं जहाज ठेवायला दिवाणखान्यातलं काय काय बाहेर काढावं लागेल, याची चर्चा आमच्या घरी फार पुढे गेली नाही.

रेखाचित्रांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक मॉडेल्स इथेच बिघडतात आणि ते कळतं रंग दिल्यानंतर. जहाजाच्या अंगाचा आकार तीन चित्रांत सांगितलेला असतो. एक बाजूने, एक वरून आणि एक समोरून. त्यातलं समोरचं चित्र, ज्याला बॉडी प्लॅन म्हणतात, नवख्याला कोड्यात टाकतं. त्याच्या मध्यरेषेच्या उजवीकडे जहाजाचा पुढचा अर्धा भाग काढलेला असतो आणि डावीकडे मागचा अर्धा. दोन्ही बाजू सारख्याच असल्याने अर्धंच काढून जागा वाचवलेली असते. ठरावीक अंतरावर जहाज आडवं कापलं तर प्रत्येक कापाची कड कशी दिसेल, त्या या रेषा. त्या एकेक उचलून, आरशासारख्या उलट्या जोडून, प्लायवर उतरवायच्या की सांगाड्याच्या चौकटी तयार होतात. या चौकटींवरून पट्ट्या बसवून कातडी चढवायची. म्हणून चौकट चित्रातल्या रेषेवर कापायची नसते. पट्टीच्या जाडीइतकी आतून कापायची असते, नाहीतर ३३ सुतांचं जहाज ३४ सुतांचं होतं. बघणाऱ्याला तो फरक दिसत नाही, पण पुढे डेकवरची एकही गोष्ट जागेवर बसत नाही.

दुसरी गोम छपाईत आहे. अमरावतीत प्लॉटरवर नकाशे काढून देणाऱ्यांचं रोजचं काम घरांच्या नकाशांचं. 'कागदावर मावेल असं' हे बटण त्यांच्या हाताला बसलेलं असतं, आणि ते एकदा दाबलं की प्रमाण गेलं. त्यासाठी चित्राच्या कोपऱ्यात आधीच १०० फुटांची एक रेघ आखून ठेवावी. छापून आल्यावर तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवायची आणि साडेबारा इंच भरले तरच पैसे द्यायचे. रेघ आडवीही असावी आणि उभीही, कारण कागदाचा रोल एका दिशेने किंचित ओढला जातो.

चौकटी प्लायच्या झाल्या, पण पट्ट्या कशाच्या? बाहेरच्या पुस्तकांत पेअर, लाइम, बासवुड अशी नावं येतात. आपल्याकडे परतवाड्याचा लाकूड डेपो मेळघाटच्या सागवानासाठी नावाजलेला, आणि पहिला मोह सागवानाचाच होतो. पूर्वी मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानाचीच लढाऊ जहाजं बांधली, त्यांतलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये अजून तरंगतं आहे. खऱ्या जहाजाला जे लाकूड उत्तम ते मॉडेलला तसं नसतं. सागाची रेषा ठळक असते, आणि एका सुताच्या पट्टीवर ती खऱ्या मापात घळीसारखी दिसते. शिवाय खुकरी पोलादी होती, तिच्या अंगावर रेषा दिसायलाच नको. इथल्या लाकडांत हळदू बरं. बारीक पोताचं, पिवळसर, कातकामाला गोड, म्हणून एके काळी कापडगिरण्यांच्या बॉबिनसाठी ते वापरत. आरागिरणीवर हळदूच्या तुकड्यातून अर्ध्या सुताच्या पट्ट्या काढून मागितल्या तर माणूस आधी पट्टीकडे पाहतो, मग तुमच्याकडे. करवतीच्या पात्यातच पट्टीपेक्षा जास्त लाकूड भुसा होऊन जातं, हे त्याचं म्हणणं खरं असतं. पैसे मात्र तो भुशाचेही लावतो.

मग ऋतू. मॉडेलिंगच्या पुस्तकांत लिहिलेली तापमानं आपली नाहीत. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा फेविक्विक तुकडा जागेवर सरकवायला वेळच देत नाही आणि ब्रशने दिलेला इनॅमल समतल व्हायच्या आत ओढ घेतो. खोलीत कूलर लावला की दुसरंच संकट. कूलरची दमट हवा आणि एनसी लॅकर यांचं वैर आहे. फवारलेल्या रंगातलं थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि करड्या रंगावर पांढुरका धुरकट पापुद्रा चढतो. गाड्यांचे पेंटर त्याला ओळखतात आणि कूलर बंद करून घामाच्या धारांत काम करतात. तेच करावं लागतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दिवाळीनंतर आकसतं आणि पट्ट्यांच्या सांध्यांवर लावलेली पुटी केसभर फुटते. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ घर असेल तर हवेतला रुईचा तंतू ओल्या रंगावर बसतो. एका सुताचा फूट धरला तर तो तंतू डेकवर पडलेल्या दोरखंडाएवढा दिसतो. आमच्याकडे रंगाचं काम दिवाळी ते संक्रांत या दिवसांत, तेही पहाटे उरकलेलं बरं.

याउलट काही गोष्टींत वऱ्हाड श्रीमंत आहे. जहाजाचे कठडे, जाळीदार डोलकाठी, शिड्या यांना वेगवेगळ्या जाडीची सरळ, मऊ, डाग देता येणारी तांब्याची तार लागते. ती इथे प्रत्येक मोठ्या रस्त्यावर मिळते, कारण विजेच्या दाबाचा भरवसा नाही, शेतातल्या मोटारी जळतात आणि रिवाइंडिंगची दुकानं चालतात. अकोल्यातल्या अशाच एका दुकानात २७ आणि ३० नंबरची तार मागितली.

"कोणती मोटार हाय भाऊ? तीनची का पाचची?"

"मोटार नाही, जहाजासाठी हवी आहे."

"बोरात जहाज सोडता काय बाप्पा?"

तार त्याने दिली, वजनावर, आणि वर जळक्या मोटारीतून निघालेल्या तारेचा गुंडाळाही दिला. २७ नंबरची तार ०.४१ मिलिमीटरच्या आसपास असते. ९६ ने गुणलं की सुमारे ४० मिलिमीटर, म्हणजे कठड्याच्या लोखंडी खांबाची जाडी. ३० नंबरची त्याहून बारीक, ती आडव्या दोरांना. तारेवरचं वार्निश आधी पॉलिश पेपरने काढावं लागतं, नाहीतर डाग बसत नाही. आणि तार सरळ करायची असेल तर एक टोक शेगड्यात आवळून दुसरं पक्कडीने ओढायचं, ती किंचित ताणली गेली की काठीसारखी सरळ होते.

तोफेसाठी मेडिकल स्टोअरमध्ये जावं लागतं. खुकरीवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा होत्या. (१९८०च्या दशकातलं ते प्रकरण मनात आणू नये, ती तोफ वेगळी होती, कंपनी तीच.) ४० ला ९६ ने भागा, नळीचं भोक येतं ०.४२ मिलिमीटर. आता २२ गेजची इंजेक्शनची सुई घ्या, काळ्या टोपीची. बाहेरून ती ०.७२ मिलिमीटर आणि आतून ०.४१. कुणी मुद्दाम खुकरीसाठी बनवली असती तरी इतकी चपखल आली नसती. सुई पक्कडीने कापली तर चेपते आणि भोक बुजतं. म्हणून ती काचेवर ठेवून बारीक कानशीच्या कडेने गोल फिरवत खाच पाडायची आणि मग हळूच मोडायची. तिरकं टोक फेकून द्यायचं, सव्वादोन मीटरच्या नळीसाठी साडेतेवीस मिलिमीटरचा तुकडा ठेवायचा. बोफोर्सच्या तोंडाशी फुलासारखा पसरट शंकू असतो, गोळी सुटताना होणारा लखलखाट झाकायला. तो पातळ कागदाचा, फेविक्विक पाजून कडक केलेला. भिंगाखाली पाहिलं तर सुईच्या टोकाला खरंच भोक दिसतं. ते पाहणारा माणूस मॉडेल करणाऱ्याखेरीज दुसरा कुणी नसतो, हे मान्य.

थ्री-डी प्रिंटरवर तोफ एका दुपारी निघते, मग हा उद्योग कशाला, असं तरुण मुलं विचारतात. प्रिंटरला माझा विरोध नाही. कुणी दुसऱ्याने काढलेली फाइल उतरवून छापली तर ती मला तयार संचाचीच धाकटी बहीण वाटते. स्वतः रेखाचित्र वाचून फाइल काढली असेल तर ते स्क्रॅचच. नागपूरला नौदलाच्या एनसीसीचे कॅडेट आहेत. त्यांच्या शाखेत जहाजाचं मॉडेल करणं हा अभ्यासाचा आणि स्पर्धेचा भाग आहे. रेखाचित्र वाचायला शिकवणारी ती या भागातली एकमेव जागा असावी, आणि वऱ्हाडातल्या मुलांनी तिकडे जरूर पाहावं.

मागच्या डेकवर दोन 'लिंबो' होत्या. पाणबुडीवर बॉम्ब फेकणारी तीन नळ्यांची उखळी तोफ म्हणजे लिंबो. नळीचं भोक १२ इंच, म्हणजे आमच्या मापात बरोब्बर एक सूत. फ्रुटीच्या डब्याबरोबर येणारी नळी त्या मापाच्या आसपास बसते. करायला सोपी, पण खुकरीची सगळी गोष्ट या नळ्यांभोवती आहे. लिंबोचा पल्ला सुमारे १००० यार्ड. तेवढ्या अंतरात पाणबुडी सापडली तर ती मारता येते. पण सापडण्यासाठी ती आधी सोनारवर, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या यंत्रणेवर, ऐकू यायला हवी, आणि फ्रेंच बनावटीच्या 'हंगोर'ला पाण्यातलं जितक्या लांबून ऐकू येत होतं तितकं खुकरीच्या १९५०च्या दशकातल्या सोनारला येत नव्हतं. टॉर्पेडो तर काही किलोमीटरवरून सोडता येतो. खुकरी, कृपाण, कुठार या तिघी एकाच वर्गातल्या. कुठारच्या बॉयलरखोलीत युद्धाच्या सुरुवातीलाच स्फोट झाला, तिला ओढत मुंबईला आणावं लागलं. मग पाणबुडीच्या शोधाला दोघीच निघाल्या.

व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे तरुण अधिकारी सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग करत होते. त्या प्रयोगासाठी जहाजाचा वेग कमी ठेवला होता, १२ नॉट. पाणबुडीच्या शिकारीवर निघालेल्या जहाजाने तो वेग ठेवायला हवा होता का, यावर नौदलातच पुष्कळ वाद झाला आहे. मॉडेलवाल्याला यातलं काहीच दाखवता येत नाही. जैन यांचं उपकरण जहाजाच्या आत होतं, सोनारचा घुमट पाण्याखाली. पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. ती काही मिनिटांत गेली. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्या माणसांच्या हकिकती पुस्तकात गोळा केल्या आहेत. आतून वर येणाऱ्या शिड्यांवरची गर्दी त्यांत आहे. दोन फुटांच्या आसपासचं झाकणाचं तोंड माझ्या टेबलावर पाव इंचाचं होतं. अंगावरचा पत्रा प्रमाणात आणला तर तो रंगाच्या थराएवढा उरतो. ब्लॅकवुड वर्ग मुळात स्वस्तात, भराभर बांधता येतील अशा हलक्या जहाजांचा होता, एकाच पंख्यावर चालणारा. ब्रिटिशांनी ही जहाजं आइसलँडजवळच्या वादळी समुद्रात नेली तेव्हा त्यांचे सांगाडे पुढे मजबूत करून घ्यावे लागले. तो हलकेपणा मॉडेलमध्ये दिसत नाही, उलट हळदूची पट्टी खऱ्या पत्र्याच्या कितीतरी पट जाड असते.

हलकेपणा कळतो तो तराजूवर. लांबी ९६ पट कमी केली की वजन ९६ गुणिले ९६ गुणिले ९६ पटींनी कमी करावं लागतं. पूर्ण भरलेली खुकरी १४५६ टनांची. मॉडेलच्या वाट्याला येतात जेमतेम १७०० ग्रॅम. त्याहून जड झालं तर पाण्यात ते आपल्या रेषेखाली बसतं. वडाळीत सोडायचं असेल तर मोटार आणि बॅटरी त्यातच बसवायच्या, आणि डोलकाठीवर एक डाग जास्त पडला तरी जहाज एका अंगाला कलतं. वेग मात्र वर्गमुळाने उतरतो. १२ नॉट म्हणजे मॉडेलचा सेकंदाला ६३ सेंटिमीटर. तलावाच्या काठाने रमतगमत चालणारं पोर त्याच्या पुढे निघून जाईल. खुकरी त्या रात्री किती सावकाश चालली होती, ते हा आकडा काढल्यावर मला नीट कळलं.

खुकरी मोजायला दीवला जाणाऱ्यांना एक सूचना. दीवमध्ये आज 'खुकरी' नावाचं जहाज उभं आहे. ते आपलं नव्हे. ते माझगाव गोदीने बांधलेलं, १९८९ साली नौदलात आलेलं कॉर्व्हेट. २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झालं आणि मग दीवच्या प्रशासनाकडे सोपवलं गेलं. लांबी ९१ मीटर, जुन्या खुकरीची साधारण ९४. नाव तेच, लांबीही जवळजवळ तीच, बाकी सगळं वेगळं. क्षेपणास्त्रं काय, मागे हेलिकॉप्टरचं डेक काय. हौसेने टेप घेऊन गेलेला माणूस सगळी मापं चुकीच्या जहाजाची घेऊन येऊ शकतो. जुन्या खुकरीसाठी दीवच्या स्मारकाकडे जावं, तिथे काचेच्या पेटीत तिचं मॉडेल आहे. समुद्राकडे तोंड करून ठेवलेलं.

खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांची आकृती ब्रिजवर ठेवावी का, हा प्रश्न मॉडेल पाहायला आलेला प्रत्येक जण विचारतो. आपलं जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला देऊन ते जहाजावरच थांबले आणि त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकाबाहेरही लोकांना माहीत आहे. माझं उत्तर 'नाही' आहे. ती शेवटची मिनिटं होती आणि तेव्हा जहाज कललेलं, बुडत असलेलं होतं. माझं मॉडेल सरळ, पाण्याच्या रेषेवर उभं आहे. मॉडेलला एक दिवस ठरवून द्यावा लागतो आणि मी ८ डिसेंबरची, मुंबईहून निघालेली खुकरी करतो आहे. त्या दिवशी मुल्ला जहाज चालवणारे अधिकारी होते, हुतात्मा नव्हते. सरळ उभ्या डेकवर शेवटच्या मिनिटाची आकृती ठेवली तर बाकी सगळी मापं जुळवून त्या एका जागी खोटं केल्यासारखं होईल.

चौकटी कापताना कृपाणच्या चौकटीही त्याच प्लायमधून काढून घेतल्या. एकाच वर्गातली असल्याने आकार तोच. खुकरीच्या अंगावर एफ १४९, कृपाणच्या एफ १४४. पुढे भारतीय तटरक्षक दल उभं राहिलं तेव्हा कृपाण आणि कुठार त्या दलाला देण्यात आल्या. कृपाण करायची तर १० डिसेंबरची, नौदलाच्याच 'कच्छल' या जहाजाबरोबर परत येऊन समुद्रात तरंगणाऱ्यांना शोधणारी. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. त्या दिवसाची कृपाण रिकाम्या डेकची करून चालणार नाही, तिच्यावर माणसं लागतील, ओली, घोंगड्या गुंडाळलेली, साडेपाच सुतांची. तोफा आणि कठडे हाताला आले, पण माणूस अजून जमत नाही. त्यासाठी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या एका कारागिराशी बोलणं चाललंय. त्याचा पहिला प्रश्न मापाचा होता, आणि सुतात सांगितल्यावर त्याने दुसरा विचारला नाही.